बेसणावाल्या बेनचं दुकान

सिल्वासात डिझाइन कुणी विकत घेत नाही. ते फ्लेक्सवर फुकट मिळतं, भाजीवर कढीपत्ता मिळावा तसं. हे मला दुकान काढायच्या आधी कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण तेव्हा मी कुणाचंच ऐकत नव्हते. दादऱ्याच्या एका खोके छापणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षं काढली होती. वर जाणारा बाण, उघडी छत्री, काचेचा पेला आणि 'ही बाजू वर', एवढंच माझ्या कलाशिक्षणाचं चीज झालं होतं. काही वेगळं करून दाखवलं की साहेब हसायचे आणि म्हणायचे, "मॅडम, खोकं आहे ते. माल काढला की फाडून टाकतात." एके दिवशी मला ते वाक्य सहन झालं नाही आणि मी राजीनामा दिला.

खानवेल रस्त्याला, एका हार्डवेअरच्या दुकानावर मी खोली भाड्याने घेतली. नवरा प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तो बोलत कमी आणि स्क्रू जास्त पिळतो. त्याने सुट्टीच्या दिवशी येऊन फळ्या ठोकल्या, वायरिंग केलं, आणि दसऱ्याला आम्ही नारळ फोडला. पाटी मी स्वतः केली होती. पांढरी, आणि मधोमध बारीक अक्षरात दुकानाचं नाव. घरमालक काका, म्हणजे खालचे हार्डवेअरवाले, रस्त्यापलीकडे जाऊन मान वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बेन, बहु जग्या खाली राखी छे." त्यांना वाटलं होतं, एवढी जागा रिकामी म्हणजे पेंटर काम अर्धवट टाकून पळाला.

मला मसाल्याच्या पाकिटांची, फरसाणाच्या डब्यांची, साबणाच्या वेष्टनांची डिझाइनं करायची होती. इथे अथालपासून दादऱ्यापर्यंत इतके छोटे छोटे धंदे आहेत, कुणी अगरबत्ती करतं, कुणी पापड, कुणी फिनेल, आणि सगळ्यांची पाकिटं एकाच आईच्या पोटची असावीत तशी सारखी. त्यांना फक्त कुणीतरी दाखवून द्यायला हवं, असं मला वाटायचं. मी दाखवायला बसले. गिऱ्हाईक यायचं, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायचं आणि माझ्या स्क्रीनवर बोट टेकवून सांगायचं, "ये थोडा बडा करो. ये लाल करो. अभी और लाल." तेलकट बोटांचे ठसे मी दिवसातून कितीदा तरी पुसायची. सगळं मनासारखं झालं की विचारायचं, "प्रिंटिंग नथी करता? फक्त डिझाइन?" आणि कोरं हसून निघून जायचं.

एकाने तर कमाल केली. समोशाच्या दुकानाच्या बॅनरचा नमुना मी त्याला फोनवर पाठवला. चोरी होऊ नये म्हणून त्याच्यावर आडवंतिडवं माझ्या दुकानाचं नाव टाकलं होतं. त्याने तो नमुना तसाच्या तसा मोठा करून छापून घेतला आणि चौकात लावला. समोशांच्या पोटातून तिरपं माझं नाव आरपार गेलेलं. मी जाऊन भांडले तर तो मलाच म्हणाला, "बेन, तुमची फुकट जाहिरात झाली, आणि वर चिडता?" मी घरी येऊन रडले आणि मग नवऱ्याला सांगताना मला हसू आलं. तेव्हा मला अजून हसू येत असे.

पुढे मी हट्ट सोडला आणि छापूनही द्यायला लागले. छपाई वापीहून करून आणायची, डिझाइन त्यात धरायचं. पण माझं दुकान ज्या कामाने ओळखलं गेलं ते काम मी शोधलं नव्हतं, ते जिना चढून माझ्याकडे आलं.

आम्ही राहतो त्या इमारतीत तळमजल्यावर शिरपूरकडचं एक कुटुंब राहायचं. घरातला कर्ता माणूस सुताच्या कारखान्यात होता. एका सकाळी कामावर जायला निघाला, बरं वाटेना म्हणून जिन्यात टेकला, तो परत उठलाच नाही. दहाव्यासाठी त्यांना गावी फोटो न्यायचा होता. त्याची बायको कारखान्याचा गेटपास घेऊन माझ्याकडे आली. "ताई, याच्यापेक्षा मोठा फोटो नाही त्यांचा. होईल का काही?" नखाएवढा फोटो, त्याच्यावर कंपनीचा शिक्का, आणि रात्रपाळी करून उतरल्यावर काढलेला म्हणून डोळे अर्धे मिटलेले.

या कामाची एक ठरलेली रीत आहे. फ्लेक्सवाल्यांकडे कोट-टायमधलं एक बिनडोक्याचं धड तयार असतं. मेलेल्याचं डोकं त्याच्यावर बसवायचं, मागे ढग किंवा निळा प्रकाश टाकायचा, खाली पणती, संपलं. आयुष्यात कधी कोट न घातलेली माणसं इथे मेल्यावर एकाच कोटात भिंतीवर टांगली जातात. मला ते करवेना. मी त्या बाईला विचारून तिच्या नवऱ्याचा चौकटीचा शर्ट आणायला लावला, खुर्चीवर अंथरून त्याचा फोटो काढला, आणि तो शर्ट त्याला घातला. डोळे उघडले. कसे उघडले ते सांगता येणार नाही, तो जिन्यात भेटायचा तेव्हा कसा बघायचा ते आठवून उघडले. फ्रेम हातात घेतल्यावर त्या बाईने त्याच्या कॉलरवरून पदर फिरवला, धूळ पुसतात तसा. तिचा धाकटा दीर मात्र भर दुकानात हमसून रडला. "दादा आता बोलेल असं वाटून ऱ्हायलं," म्हणाला.

आणि मला बरं वाटलं, का लपवू? एवढ्या वर्षांत माझ्या कामावर कुणी रडलं नव्हतं. खोक्यावरच्या छत्रीकडे बघून कोण रडणार.

मग माणसं येऊ लागली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. धुळ्याची, नंदुरबारची, जळगावची कारखान्यांतली माणसं, खानवेलकडची, मग गुजरातीही. मयतानंतर लोक भेटायला येऊन बसतात, त्याला गुजरातीत बेसणुं म्हणतात. बेसणाचा फोटो म्हटलं की आमच्या जिन्याकडे बोट. मी घाईने करायची नाही. मी विचारायची, भांग कुठल्या बाजूला पाडायचे, चष्मा रोज लावायचे का वाचतानाच, दात पुढे होते ते तसेच ठेवायचे ना. नातेवाईक आधी गोंधळायचे आणि मग सांगू लागले की थांबायचे नाहीत. बायकांच्या फोटोंचे मात्र हाल असायचे. पुरुषांचा निदान गेटपास तरी असतो. बाईचा एकटीचा फोटो नसतोच. कुणाच्या तरी हळदीत मागे उभी, कुणाच्या बारशात पंगतीत वाढताना, वाकलेली, अर्धा चेहरा दुसऱ्या कुणाच्या खांद्यामागे. मी तिला गर्दीतून उचलायची, हातातलं भांडं काढून घ्यायची आणि सरळ उभी करायची. हे काम मी मन लावून करत होते, आणि त्यानेच माझा घात झाला.

पहिल्यांदा ते कळलं फरसाणवाल्यामुळे. त्याला शेवेच्या पाकिटाचं डिझाइन हवं होतं, आणि ते मला अगदी मनापासून हवं होतं. आम्ही बोलत होतो, तोही खुलला होता. तेवढ्यात मी चुकून आधीचं काम उघडलं आणि स्क्रीनवर एक आजोबा आले, हार घातलेले. तो बोलता बोलता थांबला. भिंतीकडे त्याचं लक्ष गेलं, तिथे सुकायला ठेवलेल्या फ्रेमा होत्या. "पछी आवुं छुं," नंतर येतो, म्हणाला आणि उठला. जिना उतरताना त्याने चप्पल घातली नव्हती, हातात धरली होती, इतकी घाई.

मग एक बाई मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी आली. माझे नमुने तिला फार आवडले. मुलगीही बरोबर होती, ती तर नाचायचीच बाकी होती. आईने सहज विचारलं, "बेसणावाळा बेन तमेज ने?" मी हो म्हणाले. बाईने पत्रिकेवरचा हात असा मागे घेतला, जणू तवा लागला असावा. मुलगी "मम्मी, मम्मी" करत राहिली आणि मम्मी तिला दंडाला धरून घेऊन गेली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी मधे पडदा लावला. फ्रेमा घरी नेऊन सुकवल्या. पाटीवर मोठ्या अक्षरात 'लग्नपत्रिका, उद्घाटन, वास्तुशांत' लिहिलं, जी रिकामी जागा मला इतकी प्रिय होती ती भरून टाकली, लाल रंगात, अजून लाल. काही उपयोग झाला नाही. काकांनीही एकदा गोड आवाजात सुचवलं की त्यांचं नवं गिऱ्हाईक जिन्याखालून जाताना कचरतं, तर जमलं तर बघा. मी चिडून मयताची कामं घेणंच बंद केलं. आलेल्यांना सरळ सांगायची, मी ते करत नाही. एक म्हातारा मुलाचा फोटो घेऊन आला होता, त्यालाही परत पाठवलं. तो उलट बोलला असता तर बरं झालं असतं. तो "बरं, बरं" म्हणत भिंतीला धरून उतरला.

आणि मग कुणीच येईना. मयताचे यायचे थांबले आणि लग्नाचे सुरू झाले नाहीत. मी रोज दहाला शटर उघडायची, झाडायची, देवाला उदबत्ती लावायची आणि बसायची. खालून काकांच्या दुकानात पाइप कापल्याचा आवाज. रस्त्यावरून कारखान्यांच्या बसा. पंख्याखाली बसून मी न मागितलेली डिझाइनं करायची, नसलेल्या मसाल्यांची, नसलेल्या साबणांची. काही दिवसांनी तेही जमेना. कामाची सवय असलेल्या माणसाला रिकामं बसवलं की त्याची स्वतःशीच भांडणं सुरू होतात. मला वाटायला लागलं की मुळात माझ्यात काही नव्हतंच, जे होतं ते मेलेल्यांचं होतं, त्यांच्या माणसांचं रडू मी माझं कौतुक समजून बसले. संध्याकाळी नवरा विचारायचा, "आलं का कुणी?" काही दिवसांनी त्याने विचारणं सोडलं, आणि त्याचं न विचारणं मला जास्त लागायचं.

याच दिवसांत धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तो आमच्या घरातला एकुलता एक मुलगा, माझ्याहून बराच लहान, नाशिकला नोकरीला. आईवडील माझ्या माहेरी, धुळ्यालाच असतात. फोनवर बातमी ऐकली आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो पत्रिकेचा. नवरीचं नावगाव मी नंतर विचारलं, हे सांगायला लाज वाटते पण तसंच झालं.

माझा हिशेब साधा होता. सिल्वासात आमच्याकडची माणसं भरपूर आहेत, कारखान्यांत, कॉलन्यांत, चाळींत. भावाची पत्रिका त्या सगळ्या घरांत जाणार. पत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात माझ्या दुकानाचं नाव असणार. सख्ख्या बहिणीने केली, आईबापांनी करून घेतली म्हटल्यावर बाहेरच्यांना बोलायला तोंड राहणार नव्हतं. आणि पुढे सगळी लग्नसराई पडली होती. मी नवऱ्याला सांगून टाकलं, "ही पत्रिका बाहेर पडू दे. तिच्यावर एक जरी काम आलं तर दुकान ठेवायचं. नाही आलं तर मी दादऱ्याला परत जाते." खोकेवाल्या साहेबांनी दोनदा निरोप धाडला होता. नवरा म्हणाला, "बरं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "चांगली कर."

चांगली म्हणजे किती चांगली करावी. सोनेरी गणपती नको, मोर नको, ते हातात हात घालून उभे असलेले नवरानवरी तर नकोच नको. आमच्याकडे मांडव जांभळीच्या डहाळ्यांचा घालतात. मी ती जांभळीची पानं काढली. खरीखुरी, दमणगंगेच्या काठावरून तोडून आणून समोर ठेवून काढली. पत्रिका उघडली की ती डोक्यावर यावीत, मांडवाखाली शिरल्यासारखं वाटावं. हळदीचा रंग जमेपर्यंत मी खरी हळद कालवून कागदावर लावून बघितली. आतला मजकूर मी हाताने लिहिला. कितीतरी दिवसांनी भूक लागली, झोप आली. मी कामात गाणं गुणगुणत होते असं काकांनी मला सांगितलं, मला माहीत नव्हतं.

भावाला फोनवर पाठवली. लगेच उत्तर आलं, "ताई, एक नंबर!!" खाली बदाम. मी म्हटलं, आईला दाखव, पाहुण्यांची नावं पाठव, छपाईला वेळ लागतो. "हो हो." मग दोन दिवस काही नाही. मी पुन्हा लिहिलं. "आई बघते आहे म्हणाली." मग पुन्हा काही नाही. मी फोन केला तर तो मीटिंगमध्ये. आईला केला तर आई साड्यांबद्दल बोलली, आचाऱ्याबद्दल बोलली, आत्याच्या गुडघ्याबद्दल बोलली. पत्रिकेचं काढलं की कुकरची शिट्टी झाली म्हणायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण मी वापीच्या छापखान्यातून कागदाचे नमुने आणून ठेवले होते आणि रोज त्यांच्यावरून हात फिरवत होते.

आणि एका दुपारी आई स्वतः दुकानात आली. धुळ्याहून सुरत, सुरतेहून वापी, वापीहून रिक्षा, एवढा प्रवास करून काकांबरोबर आली होती, म्हणजे माझे चुलतकाका. ते खालूनच आमच्याकडच्यांच्या कॉलनीकडे गेले. आई जिना चढून आली तेव्हा धापा टाकत होती. मी पंखा तिच्याकडे वळवला, पाणी दिलं. दुकान उघडल्यापासून ती पहिल्यांदाच येत होती. पाणी पिऊन तिने पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला, मला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, आणि पिशवीतून पत्रिका काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. लाल. सोनेरी गणपती. मोर. हातात हात घातलेले नवरानवरी.

"पहिली देवाला ठेवली," ती म्हणाली. "दुसरी तुला. लेकीला घरी येऊन द्यावी लागते."

मी पत्रिका घेतली. उलटली. मागे धुळ्याच्या छापखान्याचं नाव होतं. काका कॉलनीत कशाला गेले होते ते माझ्या लक्षात आलं. या लाल पत्रिका त्याच घरांत पोहोचत होत्या, त्याच वेळी, आणि प्रत्येक घरात कुणीतरी ती उलटून मागचं नाव वाचणार होतं. म्हणजे घरच्यांनीसुद्धा हिच्याकडून नाही केली.

मला खूप बोलायचं होतं. मी एवढंच म्हटलं, "माझी आवडली नाही का?"

आई अर्धी अहिराणी, अर्धी मराठी बोलते. रागावली की मराठी, माया आली की अहिराणी. त्या दिवशी ती कुठली बोलावी ते तिला सुचत नव्हतं. "फार आवडनी वं माय," म्हणाली. "जांभळीचा पाला बघून मला मांडवातच बसल्यासारखं झालं. चार वेळा बघितली."

"मग?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. "इथल्या लोकांनी सांगितलं तू काय काम करते ते. मी म्हटलं, करते तर काय झालं, पुण्याचं काम आहे. मी कोणाचं ऐकून नाही घेतलं. तुझ्या सासरच्यांचं नाही, आपल्याकडच्यांचं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण एकुलता पोरगा शे माय. उद्या त्याला काही कमीजास्त झालं, तर माझ्या मनात येईल की पत्रिका तिच्या हातची होती. मी बोलणार नाही कधी. पण मनात येईल. तुझं नाव तसं माझ्या मनात येऊ नये म्हणून."

यावर काय भांडावं? फरसाणवाल्यावर चिडता आलं, त्या मम्मीला मनातल्या मनात शिव्या घालता आल्या. आईने तर मला वाचवण्यासाठीच मला नाकारलं होतं. मी कागदाचे नमुने उचलून ड्रॉवरमध्ये ठेवले. दुकान संपलं होतं. शटर अजून वर होतं, पंखा फिरत होता, पण संपलं होतं, आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो काढला नाही, पण धरलाही नाही. इतकी मी चिडले होते, आणि इतकी मला तिची गरज होती.

मग ती उठली आणि पडद्यामागे गेली. मागे दोन-तीन फ्रेमा होत्या, लोकांनी न नेलेल्या. मला वाटलं ती लगेच बाहेर येईल, कारण शकुन-अपशकुनाच्या बाबतीत ती फार हळवी. ती आलीच नाही. मी पडदा सरकवून बघितलं तर ती चष्मा लावून एका बाईच्या फोटोसमोर उभी होती. ती बाई मी कुणाच्या तरी साखरपुड्यातून काढली होती, पंगतीतून, हातात पोळ्यांची परात होती तिच्या.

"कोण शे ही?"

"माहीत नाही. अथालची. घेऊन गेले नाहीत."

"किती छान दिसते," आई म्हणाली. "अशी राहत असेल का ती? अशी नीट?" तिने फोटोच्या अगदी जवळ तोंड नेलं. "चेहऱ्यावर काही कामाचं नाही. नुसती उभी शे."

ती वळली. तिच्या बोलण्यात आता मराठी कमी कमी होत चालली होती.

"मी गेल्यावर मना फोटो मातर तूच करजो. दुसऱ्या कोणाला देऊ नको. तुना भाऊ देईल कोट घालायला एखाद्या फ्लेक्सवाल्याकडे, त्याला काही समजत नाही. तूच करजो."

मी म्हटलं, "दुकान बंद करते आहे, आई."

"घरी करजो." जसं काही मी म्हटलं होतं की आज भाजी संपली. "पण मना एकटीना फोटोच नही शे. सगळे लग्नातले, आणि मी मागे." तिने करंडा टेबलावर ठेवला, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, केसांवरून तळहात फिरवला आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत ताठ बसली. लेकाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेली बाई, कपाळावर ताजं कुंकू, नव्या साडीची घडी अजून मोडलेली नाही. "आत्ताच काढ. आत्ता बरी दिसते मी. पुढे कशी दिसेन कोणाला ठाऊक."

तिच्यावर ओरडावं, हे काय अभद्र बोलतेस म्हणावं, असं मला वाटलं. पण ती वाट बघत होती, कामाला आलेल्या माणसासारखी, आणि या गावात माझ्याकडे स्वतःच्या पायांनी चालत आलेलं असं गिऱ्हाईक कितीतरी दिवसांत आलं नव्हतं. मी फोन वर धरला. तिने हनुवटी थोडी उचलली.

"हसू का गंभीर बसू?" तिने विचारलं. "तुमच्यात कसं लागतं?"

"हस," मी म्हटलं.